शेवटची पंधरा मिनिटं

आमच्या ह्यांनी आणि मी मिळून एकही सिनेमा अर्धवट सोडलेला नाही. फक्त तो आम्ही वाटून पाहतो. मध्यंतरापर्यंत दोघं, मध्यंतरानंतर मी एकटी, आणि शेवटची पंधरा मिनिटं हे.

मध्यंतरात मक्याच्या लाह्यांचा पुडा संपला की ह्यांचे डोळे मिटतात. मग घोरणं सुरू होतं. पुढच्या दोन रांगा मागे वळून पाहतात, मी त्यांच्याकडे पाहून माफीचं हसते. पाऊण तासाने घोरणं आपोआप थांबतं, गिरणीचा पट्टा निसटावा तसं. ते थांबलं की मी उठते. मी मनगटावर घड्याळ बांधत नाही, कधी गरजच पडली नाही. उठताना माझे गुडघे ह्यांच्या गुडघ्यांना लागतात, हे जागे होतात, आणि मी बाहेर पडते. वीस मिनिटांची वाट, हातपाय धुणं, आणि सूर्य बुडायच्या आत दिवा.

हा दिवा अठरा वर्षांचा आहे. ह्यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता वाट बघायची." त्या संध्याकाळी घरी येऊन मी फळीवर दिवा लावला आणि म्हटलं, रोज सूर्य मावळताना माझ्या हातून हा दिवा लागेल, ह्यांना घरी येऊ दे. नवव्या दिवशी हे आपल्या पायांनी जिना चढले. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकलेली नाही. मला ताप असला तरी मीच उठते, कारण शब्द 'माझ्या हातून' असा गेला आहे. दुसऱ्या कुणी लावून चालायचं नाही.

"वहिनीचा दिवा म्हणजे दादाचा विमा," असं आमच्या वन्सं म्हणतात. चेष्टेने म्हणतात, पण एरवी मी त्यांच्याकडे गप्पा मारत बसले तर सहाला दहा कमी झाले की त्याच मला दाराकडे ढकलतात.

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही पाच जण असतो. आम्ही दोघं, वन्सं, ज्यांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आमच्याच इमारतीत खाली दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. थिएटरात ते तिघं आमच्या पुढच्या रांगेत बसतात. खेळ सुटला की चौघं आमच्याकडे येतात. तोवर माझा दिवा लागलेला असतो, चहाचं आधण ठेवलेलं असतं. मग जी मतं सुरू होतात ती ऐकायला खरं तर तिकीट लावायला हवं.

"राजाचे दात पाहिलेत?" डॉक्टरीणबाई बसायच्या आधीच सुरू करतात. "तीनशे वर्षांपूर्वीचा राजा, आणि दाढेत चांदी! जांभई दिली तेव्हा स्पष्ट दिसली."

"दाढेचं सोडा. सूर्य पूर्वेला मावळला त्याचं काय?" वन्सं म्हणतात. "ज्या खिडकीतून सकाळी ऊन आलं, त्याच खिडकीतून संध्याकाळी! मी असते तर दिग्दर्शकाला बाकावर उभं केलं असतं."

घड्याळजींचं रडणं अजून आवरलेलं नसतं. ते सगळ्याच सिनेमांना रडतात. एकदा कुत्र्याच्या पिल्लाच्या विनोदी सिनेमाला रडले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "किती आनंदात होतं हो ते."

"आणि वहिनी, तो दुष्ट, सावकाश सावकाश सुरीला धार लावणारा?" डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं. " त्याला तरी वाईट म्हणाल की नाही?"

रविवारी मी कुणाला वाईट म्हणत नाही, तेही एक व्रतच आहे. मी म्हटलं, "त्या बिचाऱ्याची झोप होत नसावी."

ह्यावर जे हसणं उसळलं त्याने खालच्या दवाखान्याची पाटी हलली असेल.

शेवट मात्र मला हेच सांगतात. सगळे गेल्यावर, कप विसळताना. हे नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचे, त्यामुळे सांगणं अगदी मापात असतं. नायक किती पायऱ्या उतरला, दार आत उघडलं की बाहेर.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला ह्यांनी एका दीपगृहवाल्याच्या सिनेमाचा शेवट सांगितला तो असा. एक खोली. डावीकडे साडेतीन फुटांची खिडकी. फळीसमोर एक बाई पाठमोरी उभी, करड्या शालीत. ती दिवा लावते, काडी हलवून विझवते. कपाटातून पाच कप काढून ओट्यावर मांडते. बाहेर जिन्यावरून काहीतरी टपटप करत गडगडत जातं आणि माणसं हसतात. बाई वळायला लागते, तेवढ्यात थिएटरातले दिवे लागतात.

"अहो, पण त्या दीपगृहवाल्याचं काय झालं?"

"तो नव्हताच शेवटी."

दुसऱ्या दिवशी मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं वहिनी, तो होडी घेऊन जातो आणि त्याची मुलगी किनाऱ्यावर उभी असते. पश्चिमेच्या. तेवढं एक बरोबर होतं. दादा झोपला असणार."

पुढच्या रविवारी सिनेमा सर्कशीतल्या दोन भावांचा होता. ह्यांनी सांगितला तो शेवट तोच. खोली, शाल, दिवा, पाच कप, हसणं. त्याच्या पुढच्या रविवारी ह्यांनी तिकिटाच्या मागे पेन्सिलीने खोलीचा नकाशाच काढला. सगळ्यांनी माना एकत्र आणून पाहिला.

"हे तर हेच घर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघा, ओटा, फळी, खिडकी. साहेब अर्धवट झोपेत बायकोला बघतात. वहिनी, लग्नाला किती वर्षं झाली म्हणालात?"

वन्संनी दादाला कोपर मारलं. घड्याळजींना लगेच भरून आलं. माझे कान तापले, पण बरं वाटलं. खरंच होतं ते. माझा गुडघा लागून हे जागे होत, मी दिवा लावायला गेले हे मनात असे, आणि डोळे पुन्हा मिटत. यात गूढ काही नव्हतं.

"फक्त एक चुकतंय," मी रात्री ह्यांना म्हटलं. "नकाशात तुम्ही शालीवर खूण कसली केलीत?"

"रफू आहे तिथे. डाव्या खांद्यावर, निळ्या दोऱ्याने."

मी शाल काढून दिव्यापुढे धरली. करडी, धडधाकट. कुठे एक टाकासुद्धा नव्हता.

"मग ती मी नाही," मी म्हटलं.

"तूच गं," हे म्हणाले. "मी काय तुझी पाठ ओळखत नाही?"

चौथ्या रविवारच्या आधी डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या जबड्याचं माप घेऊन एक कवळीसारखी वस्तू बनवली. ती तोंडात धरली की घोरणं बंद. "रांगेतली माणसं माझ्याकडे बघतात हो," त्या म्हणाल्या, "जणू मीच इलाज करत नाही." ह्यांनी ती घालून पाहिली आणि 'झकास' म्हणायला गेले ते 'हहाह' झालं. त्या एका शब्दावर आम्ही थिएटरपर्यंत हसत गेलो.

सिनेमा चांगला होता. एका म्हाताऱ्या पोस्टमनचा, ज्याच्या पिशवीत एक पत्र शिल्लक राहतं. मी घोरणं सुरू व्हायची वाट पाहत होते. ते सुरू झालं नाही. मी मनात म्हटलं, आज ह्यांना सिनेमा आवडलेला दिसतोय. मग घोरणं थांबायचा प्रश्नच नव्हता. कवळीचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी निवांत बसून राहिले.

पोस्टमन एका दारापाशी आला. त्याने कडी वाजवली. दार उघडलं.

खोली होती. डावीकडे खिडकी.

बाई पाठमोरी होती. करडी शाल. डाव्या खांद्यावर निळ्या दोऱ्याचे सात-आठ टाके, घाईत घातलेले. तिने काडी ओढली. वात पेटल्यावर काडी हलवून विझवली, मी हलवते तशी, दोनदा. मग कपाट उघडलं.

मला कळलं की बाहेर सूर्य बुडाला आहे.

मी बाजूला पाहिलं. हे झोपलेले होते, अगदी शांत. छाती हलते आहे की नाही ते अंधारात दिसेना. माझा हात उचलेना. पडद्यावर जिन्यातून काहीतरी टपटप करत गेलं. माणसं हसली. त्यातलं एक हसणं मी ओळखलं, पण कुणाचं ते आठवेना. बाई वळू लागली.

थिएटरातले दिवे लागले.

"अहो!" मी ह्यांना गदागदा हलवलं. एवढा मोठा आवाज मी उभ्या जन्मात काढला नव्हता.

हे जागे झाले. डोळे चोळत म्हणाले, "हाह हंहलं?" म्हणजे, काय संपलं?

"अगंबाई, वहिनी!" वन्संचा चेहरा उतरला. "तू इथे? आणि दिवा?"

घड्याळजींच्या हातातला रुमाल खाली आला. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग आम्ही पाचही जण निघालो. चालत नव्हे, जवळजवळ पळत. वन्संनी ह्यांचा एक दंड धरला होता, डॉक्टरीणबाईंनी दुसरा, वाटेत कुठे पडू नयेत म्हणून. ह्यांना वाटत होतं मलाच काहीतरी होतंय, म्हणून हे माझा पदर धरून. घड्याळजींची एक चप्पल रस्त्यातच राहिली. रस्त्यावरचे दिवे लागले होते. मी मनात एकच म्हणत होते, चूक माझी आहे, ह्यांची नाही.

जिन्यात दम लागला. हे मला "सावकाश" म्हणायला गेले. तोंडातून "हावका" एवढंच निघालं आणि कवळी सुटून बाहेर पडली. टप, टप, टप करत एकेक पायरी उतरत ती थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या दारात जाऊन थांबली.

"बघा," घड्याळजी म्हणाले, "तिला पत्ता ठाऊक आहे."

काय झालं कोण जाणे, आधी वन्सं हसल्या, मग सगळेच, आणि सगळ्यांत जास्त मी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. हे तिथे उभे होते, धडधाकट, तोंडभर हसत.

घराची किल्ली एकच. ती माझ्या पिशवीत होती. मी कुलूप काढलं.

फळीवर दिवा लागलेला होता.

वात नुकती पेटलेली. ओट्यावर पाच कप मांडलेले. माझा टवका उडालेला कप शेगडीच्या बाजूला, मी ठेवते तिथेच. घरात कुणी नव्हतं. वन्संनी मोरी पाहिली, घड्याळजींनी पलंगाखाली वाकून पाहिलं. खिडकीची कडी आतून होती.

"तुम्हीच दुपारी लावून गेला असाल," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "मोठी वात."

मी हो म्हटलं नाही, कारण खोटं बोलत नाही. नाहीही म्हटलं नाही. आधण ठेवलं. चहा झाला, मतं झाली. पोस्टमन पत्र शेवटी स्वतःच वाचतो, असं तिघांचंही म्हणणं पडलं. वन्सं म्हणाल्या, टपालाचा मार्ग नकाशात उलटा दाखवला होता. घड्याळजी रडले. हे म्हणाले, "आज मी शेवट पाहिलाच नाही. आज हिने सांगायचा."

मी सांगितला. सगळे गेल्यावर, कप विसळताना. हे ऐकत राहिले. मग माझा उजवा हात हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला, नेहमी नेतात तसा.

"तेलाचा वास," हे म्हणाले. "मग दिवा तुझ्याच हातून लागलाय. झोप आता."

बोटांना खरंच तेल होतं.

ह्यांना काही झालं नाही. सोमवारी हे दोन मैल चालून आले. बुधवारी बाजारात वाण्याच्या दुकानातल्या खिळ्याला माझी शाल अडकली आणि डाव्या खांद्यावर फाटली. दिवेलागण जवळ आली होती म्हणून घरी येऊन हाताला लागला त्या दोऱ्याने रफू केलं. टाके घालून झाल्यावर मी दोरा पाहिला.

गुरुवारी हे वाचनालयात गेले होते. सूर्य बुडायला आला. मी हातपाय धुतले, शाल पांघरली, काडी ओढली. वात पेटल्यावर काडी दोनदा हलवून विझवली. खोली उजळली. खूप बरं वाटलं, रोज वाटतं तसं. मग माझ्याच हातांनी कपाट उघडलं आणि एकेक करून पाच कप ओट्यावर मांडले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

जिन्यात काहीतरी टप, टप, टप करत खाली गेलं.

हसणं ऐकू आलं. वन्संचं, घड्याळजींचं, डॉक्टरीणबाईंचं, ह्यांचं. आणि सगळ्यांच्या वरचढ पाचवं. इतक्या आनंदाने मी हसते हे मला माहीत नव्हतं.

पावलं दाराशी आली. घराची किल्ली एकच, आणि ती माझ्यासमोर खिळ्याला टांगलेली होती.

रविवारी दार उघडलं तेव्हा आत कुणीही नव्हतं. ते मीच पाहिलं होतं.

कुलपात किल्ली फिरली.