फाट्यावर बसलेली गोजरबाई

प्रतिक्षा, खिडकीला कडी घाल आणि बस. मधी हसायचं न्हाय. ही ऐकीव गोष्ट न्हाय, दादासो माझ्या रोजच्या उठबशीतला माणूस.

गेल्या साली, एकवीस जानेवारी, मंगळवार. दादासो पिकअप घेऊन ट्रॅक्टरचा पार्ट आणायला भवानीनगरला गेला व्हता. मेकॅनिकनं रखडवलं. निघायला साडेदहा झाले.

त्याची आई गोजरबाई, ती जाऊन तवा महिना झाला व्हता. ओटीपोटात गाठ. बायकांचं दुखणं, सांगायचं कुणाला? दोन वर्षं अंगावर काढलं, मग सुनंपाशी बोलली. एकटीला एस्टीत चढवंना, आणि डॉक्टरापुढं तोंड उघडायची लाज. दादासो म्हणला, "आये, मी नेतो बारामतीला. तू फाट्यावर बस, फडाकडं चक्कर मारून आलोच."

म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. हिकडं ऊसतोडीची टोळी आली. टोळी माघारी गेली तर पुन्हा कधी यायची? हा फडातच गुतला. आईला निरोपबी न्हाय. दिस मावळंस्तवर बसली आणि चालत घरी आली. वर त्यालाच म्हणली, "असू दे बाबा, ऊस जाया पायजे."

असं तीनदा झालं. एकदा टोळी, एकदा गाय व्याली, एकदा मेव्हण्याचा साखरपुडा. मला अजून राग येतो. पोटचा पोरगा, आणि जल्मदात्या आईला तीनदा फाट्यावर बसवून इसरला. चौथ्यांदा तिनं इचारलंच न्हाय.

तर त्या राती. अकरा चाळीस. लोणी भापकरच्या अलीकडं त्यांचा फाटा. गाडीच्या उजेडात कुणीतरी बसलेलं दिसलं.

लुगडं वळखीचं.

दादासो म्हणतो, मी ब्रेक दाबला न्हाय. गाडी आपसूक थांबली. शेजारचं दार उघडलं... मिटलं. त्यानं मान वळवली न्हाय.

"आलास व्हय?"

एवढंच.

त्यानं गाडी फिरवली. बारामतीकडं. वाटभर शेजारनं कण्हणं येत व्हतं... दाबून, हळू. घरी कण्हायची तसंच. कुणाची झोप मोडू नये म्हणून.

दवाखान्याच्या फाटकात गाडी लावली.

"आये... उतर."

...

"आये?"

शेजारी कुणी न्हाय.

सीटवर दवाखान्याचा केस पेपर पडला व्हता. मी सोता वाचलाय, घडी घालून ठेवलाय त्यानं. नाव गोजरबाई, वय अडुसष्ट. तारीख त्याच रातची. खाली एक रकाना असतो बघ, सोबत आलेल्या नातेवाइकाचं नाव. तितं निळ्या शाईनं लिवलंय...

'कोणी नाही.'