मागच्या शेडखाली

बंद पडलेल्या कारखान्याची जागा कुणी विकत घेणार असेल, तर आधी तिची माती तपासतात. जमिनीत काय मुरलंय, पाण्यात काय उतरलंय, ते बघूनच पुढचा व्यवहार होतो. निदान बोलायला तरी तसंच आहे. मामाचा धंदा हाच, आणि कॉलेज अर्धवट सोडल्यापासून भाची त्याच्या हाताखाली. प्रयोग न करताच आकडे भरा म्हणणाऱ्या सरांना तिने भर वर्गात खोटारडे म्हटलं होतं, आणि माफी मागायला साफ नकार दिला होता. घरच्यांनी मग तिला मामाच्या गळ्यात बांधलं. म्हणे, जरा माणसात येईल.

त्या दुपारी आभाळ दाटून आलं होतं. जागा जुन्या रंगाच्या कारखान्याची. तिथे आता घरं होणार होती आणि मागच्या बाजूला लहान मुलांसाठी बाग. कुलपं उघडायला कारखान्याचा म्हातारा फोरमन आला होता. नव्या वसाहतीत त्यालाही एक घर कबूल झालं होतं, त्यामुळे तो सगळ्यांशी फार गोड बोलत होता.

"गेटपाशी दोन भोकं मार, बरण्या भर, निघू," मामा गाडीतून न उतरताच म्हणाला.

"गेटपाशी कधी काय सांडलंय? काम तर मागच्या शेडमध्ये चालायचं."

"म्हणूनच गेटपाशी, बाई माझे."

मामाने उभा जन्म माती बघण्यात घालवला होता, आणि त्यातून एकच विद्या कमावली होती : कुठे बघायचं नाही. भाचीने माती काढायचं गिरमिट खांद्यावर टाकलं, पहार उचलली आणि सरळ मागच्या शेडकडे चालू लागली. फोरमन धापा टाकत मागोमाग आला.

शेडच्या खिडक्यांना आतून काळा रंग फासलेला. भरदुपारीही आत अंधार साचून राहिलेला. वास गोडसर होता, बंद कपाटात फळ विसरून गेल्यासारखा, आणि तो नाकात शिरला की घशाच्या तळाशी जाऊन बसत होता. फरशीच्या मधोमध एका चौकोनाचं सिमेंट बाकीच्यापेक्षा फिकट होतं.

"काका, खाली टाकी आहे का?"

"छे. टाकी कसली? ओल आहे तिथे पोरी, पाय घसरेल."

चौकोन ठणठणीत कोरडा होता. तिने पहार घातली. घाईघाईत ओतलेलं सिमेंट, चार घावांत ढेपाळलं. खालच्या मातीत गिरमिट हातभर गेलं आणि लोखंडावर खरवडून थांबलं.

लोखंड लागलं की ठोकून बघायचं, पोकळ आहे की भरीव. या कामातली साधी सवय. तिने पहारीच्या टोकाने ठोकलं. टण्. पोकळ. खात्रीसाठी पुन्हा एकदा. टण्. मग ती बरणी घ्यायला वळली.

खालून उत्तर आलं.

टण्... टण्.

ती परत वळली. तिने लागोपाठ तीनदा ठोकलं. खालूनही तीनदा, सावकाश, जणू कुणी हात आठवून आठवून उचलत होतं.

"हवा असते..." फोरमन पुटपुटला. "पाइपात हवा अडकते. मालक तेव्हाही हेच म्हणाले होते."

"तेव्हा म्हणजे कधी?"

म्हातारा भिंतीला टेकला. "गाळ काढायला एकजण उतरला होता. वाफ लागली त्याला... कोसळला. चौकशी झाली असती तर कारखाना बंद. तो गेलाच आहे, असं मालक म्हणाले. झाकण लावलं, वर माती लोटली. सिमेंट मी कालवलं..." तो थांबला. "आवाज येत होता गं. संध्याकाळपर्यंत."

"आणि तुम्ही ओतत राहिलात."

"माझी मुलं लहान होती."

"त्याची नव्हती?"

म्हातारा चौकोनाकडे पाठ करून उभा राहिला.

"पोराबाळांचं नाव पुढे केलं की तुम्हा लोकांना सगळं माफ होतं," ती म्हणाली. "आणि आता त्याच झाकणावर दुसऱ्यांच्या पोरांसाठी घसरगुंडी बसवताय."

मामा दारात येऊन उभा राहिला होता. पुन्हा टण् झालं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"भोक बुजव," तो म्हणाला.

"ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय, म्हणूनच सांगतोय. आपलं काम माती तपासायचं."

"मग तपासू दे की."

मामाने भोकातली पहार धरली. तिने सोडली नाही. दोघांच्या मुठी एकाच दांड्यावर, आणि खालून येणारा हादरा दोघांच्याही मनगटांत चढत होता. "तू बुजवलंस तर मी पुन्हा फोडीन," ती म्हणाली. "जागा घेणाऱ्यांना इथे आणीन, त्यांच्या बायकापोरांसकट. एकेकाला या भोकाशी कान लावायला लावीन. मग विका काय विकायचं ते."

मामाचीच मूठ आधी सुटली.

ती पालथी झोपली आणि भोकाशी तोंड नेलं. तो गोड वास डोळ्यांत झोंबला. फोरमनच्या शब्दावर तिचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. तिने विचारलं, "हे बुजू देणार नाही मी. किती जण आहात...?"

टण्.

फोरमनने श्वास सोडला. "सांगितलं ना, एकच..."

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीखालून आवाज आला. हा वेगळा होता. बोथट. मग खिडकीखालून एक, मग उंबऱ्याखालून. मामा उडी मारून बाहेर झाला.

"एकच होता," फोरमन म्हणत राहिला. "देवाशपथ... एकच होता."

भाची उठली. तिने खिशातला खडू काढला आणि जिथून जिथून आवाज आला तिथे फुल्या मारत निघाली. सगळं खणायचं, एकही जागा सोडायची नाही. आता आणखी एक आवाज फोरमनच्या पायांखालून येत होता.

"काका, बाजूला व्हा. तिथे भोक मारायचंय."

तो दोन पावलं सरकला.

त्याच्या पायांखालचा आवाजही दोन पावलं सरकला.