दोन सेकंदांची फट

दिवा असा मध्ये ठेव आणि जवळ सरकून बस. हळू बोलेन मी, कान दे.

त्या दिवशी मी कोऱ्या सीड्या आणायला बाहेर पडले होते. मुलाच्या धंद्याचं बारीकसारीक सामान मीच आणायची, तेवढेच पाय मोकळे. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "आजी, एवढ्या सीड्या? गायला लागलात की काय?" मी म्हटलं, "मी गायले तर तुझ्या दुकानाकडे कुत्रं फिरकायचं नाही." दोघंही हसलो. त्यानंतर मी कधी हसले, ते आठवायला बसावं लागेल.

मुलगा घराच्या मागच्या खोलीत गाण्यांच्या सीड्या करून द्यायचा. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. सीडी बर्न करतो म्हणजे जाळतो, असं कुणीतरी मला सांगितलेलं. मला आपलं वाटायचं, जाळतोय तर धूर कसा येत नाही. मला अक्षर येत नाही, पण मुलाने समजावलेलं सगळं ध्यानात आहे. एकेक गाणं सुटं उतरवलं की दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची फट राहते. सगळी एका दमात उतरवली की फट राहत नाही. नाचाच्या क्लासवाले बिनफटीची मागायचे, उचललेला पाय अधांतरी राहू नये म्हणून.

सूनही त्याच खोलीत गायची. तापाचं निमित्त झालं आणि गेली. मागे राहिल्या त्या मुलाच्या मशीनमध्ये उतरलेल्या तिच्या अंगाया, आणि आमची भुंगी. दिवसभर कानाशी भुणभुण करायची म्हणून नातीला भुंगी म्हणायचो. आई गेल्यावर ती झोपेचना. टक्क जागी. डोळे खोल गेले, पोटात पाणी ठरेना. मुलाने मग सुनेच्या अंगाया एका सीडीवर उतरवल्या आणि दुपारी लावल्या. पोर पाय पोटाशी घेऊन निवांत पडली. मुलगा भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभा होता.

दुसऱ्या दुपारी मी पलंगाशी चादरीला टाके घालत बसले होते. पडदा ओढलेला. खोलीत औषधाचा आणि तापलेल्या मशीनचा वास. सुनेचा आवाज खोलीभर... एक गाणं संपलं. आणि त्या फटीत भुंगी हळूच म्हणाली, "आज नको."

पुढचं गाणं लागलं. संपलं.

"नको गं. उद्या."

माझी सुई थांबली. "कुणाशी बोलतेस?"

"आईशी."

"काय म्हणते आई?"

"येतेस का म्हणते. तिला तिथे एकटीला झोप येत नाही."

"मग?"

"मी नको म्हणते. मग ती पुढचं गाणं म्हणते."

मुलाला सांगितलं तर म्हणाला, "आई, लहान आहे ती. तू पण काय तिच्या नादी लागतेस?" मी म्हटलं, "शहाणा असशील तर येऊन बस." बसला. पहिल्या फटीत काही झालं नाही तसा माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या फटीत पोर म्हणाली, "आज बाबापण बसलाय, आज नको." त्याचं हसू तसंच राहिलं तोंडावर, काढायचं विसरल्यासारखं.

सीडी बंद ठेवून पाहिली. पोर पुन्हा जागी ती जागी. चौथ्या दिवशी उभ्या उभ्या कोसळली.

"जे येतंय ते त्या फटीतून येतंय," मुलगा म्हणाला. "मी फटच ठेवत नाही."

मलाही पटलं. भिंतीला भोक दिसलं तर माणूस बुजवणारच. त्याने गाण्यांची टोकं कातरली, एकाला एक जोडली. पहिल्या सीडीत जोडावर टक् असा आवाज यायचा, म्हणून दुसरी केली, तिच्यातही जोड कळायचा. तिसरी मात्र अशी साधली, की एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं, देवालाही सांगता येऊ नये. "आता सुईचं टोक शिरणार नाही, आई." किती दिवसांनी त्याला ताठ बसलेला पाहिला.

लावली. सुनेचा आवाज पाण्यासारखा वाहत राहिला. भुंगी काही बोलली नाही. ओठ एकदोनदा हलले आणि मिटले. माझ्या जिवात जीव आला. सीडी संपली तेव्हा तिचे डोळे जड झाले होते. मी पांघरूण सारखं करत होते, तेव्हा म्हणाली, "आजी... आई आज थांबलीच नाही."

"मग बरं झालं की."

"गाण्यातूनच विचारत होती... ती नेहमी गाण्यातूनच विचारते. गाणं संपलं की मी नको म्हणायचे."

"मग मध्येच म्हणायचं, नको."

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही. आईनेच शिकवलंय..." जांभई आली तिला. "शेवटी म्हणाली, गप्प आहेस, म्हणजे येतेस."

आणि झोपली.

ती अजून झोपलेलीच आहे. डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक, श्वास ठीक, का उठत नाही ते कळत नाही. घरी घेऊन जा म्हणाले. नळीने दूध घालते मी. ओठ घट्ट मिटलेले, मोठ्यांचं बोलणं संपायची वाट बघत असल्यासारखे.

मुलाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, उठला आणि मशीनपाशी बसला. "तिची फट तिला परत देतो. दोन सेकंद मिळाले तरी नको म्हणेल ती." एकेक गाणं सुटं करून उतरवलं. हेडफोन लावून ऐकलं आणि काढून माझ्याकडे बघत राहिला.

"काय रे?"

"मशीनवर फट दिसतेय. आकडे पुढे सरकताहेत. पण ती गातेय... फटीतसुद्धा गातेय."

पाच सेकंद ठेवून पाहिले, दहा ठेवून पाहिले. अगदी पहिली फटवाली सीडी होती ना, ती काढून ऐकली. तीही आता सलग वाजते. म्हणतो, फटीत एक कडवं येतं, ते या खोलीत कधी गायलंच गेलं नव्हतं. काय शब्द आहेत विचारलं तर सांगत नाही. हेडफोन काढून मला ऐकवतही नाही. वाया गेलेल्या सीड्यांनी खोली भरली, धंदा बसला, तरी तो उतरवतोच आहे.

काल मी ओल्या फडक्याने पोरीचे हातपाय पुसत होते. हात चालू होता, तोंडाने आपलं काहीतरी गुणगुणत होते. तिला सोबत म्हणून. मान वर केली तर मुलगा दारात. हेडफोन गळ्यात, तोंड पांढरंफटक.

"आई, हे कडवं... तुला कुणी शिकवलं?"

मला सांगायचं होतं, ठाऊक नाही रे बाळा. पण मध्ये थांबायला जागाच सापडेना.