फ्लोटमधलं वजन

ऋतुराजला गाड्यांची ब्रोशरं वाचायचं व्यसन होतं. टॉर्क किती, ओढायची ताकद किती, डिझेलच का घ्यायचं, या बडबडीने त्याने श्रुतीचं डोकं उठवलं होतं. पुण्यातून इंजिनिअर होऊन परदेशात आलेल्या माणसाचा हा माज जुनाच. अकरा वर्षं वॉर्डात पेशंट उचलून बायकोची कंबर गेली, ते गणित मात्र त्याने कधी मांडलं नाही.

श्रुतीनेच शेवटी नर्सची नोकरी सोडली. उद्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारात तिची थालीपिठांची गाडी लागायची होती. उद्या गेली नाही तर जागा दुसऱ्याला, आणि श्रुती मुकाट वॉर्डात परत. गाडी म्हणजे एक जुना फ्लोट, घोडे न्यायची बंद ट्रॉली. संध्याकाळी आत शेगडी आणि टेबल चढवलं की झालं. ज्याच्याकडून घेतला, त्या शेतकऱ्याने तो ट्रॅक्टरने ओढत पुकेकोहेच्या गाड्यांच्या यार्डात आणला, सोडला आणि हातही न मिळवता निघून गेला. आता ओढायला पिकअप तेवढी घ्यायची होती.

पलीकडे कांद्याची शेतं होती. वारा सुटला की नाकात झोंबत होतं.

"किया ओरा!" इथल्या पद्धतीने नमस्कार करत यार्डाचा टामा रबरी जँडल्स फटफटवत आला. त्याने एक पिकअप मागे घेऊन फ्लोट अडकवला. पिकअपचं बूड खाली बसलं.

"आत घोडा आहे का, मेट?"

ऋतुराजने हसत दार उघडून दाखवलं. रबराची चटई, चार गवताच्या काड्या, दातांनी कुरतडलेली लाकडी कड. बाकी काही नाही.

"इंजिन लहान पडतंय," तो म्हणाला. "मोठी दाखव."

मोठी आली. यार्डामागच्या खडीच्या चढावर ती निम्म्यात घरघरली. वळणावर फ्लोटमधलं वजन डावीकडून उजवीकडे गेलं. एकदम नाही, सावकाश.

"अरे, पाय बदलतंय ते," श्रुती म्हणाली.

"कोण?"

"आत जे आहे ते. लांब ड्यूटीत मी अशीच उभी राहते."

"काहीतरीच! अ‍ॅक्सल सैल असेल."

टामा खाली सरपटत गेला आणि बाहेर आला. "काही सैल नाही." तो हात पँटला पुसत राहिला.

मग यार्डातली सगळ्यात दांडगी अमेरिकन गाडी जोडली. तिचंही बूड तेवढंच खाली गेलं. गाडी मोठी होत होती तसं आतलं वजनही वाढत होतं. ऋतुराजने चाकाला लाथ हाणली.

"हे शक्यच नाही!"

"मग होतंय ते काय आहे?" श्रुती भडकली.

"आज राहू द्या," टामा हळूच म्हणाला. "सोमवारी या."

"सोमवारी मी वॉर्डात असेन! मी बसते आत. बघतेच काय हलतंय ते."

"फ्लोटमध्ये माणसं बसवत नाहीत," टामा म्हणाला.

"रस्त्यावर नाही बसवत. इथे एकच चक्कर," ऋतुराज म्हणाला. हो, तोच म्हणाला.

श्रुती आत गेली. दार लागलं.

गाडीचं बूड वर आलं.

चढ गाडीने एका दमात घेतला. मागे काही आहे असं वाटतच नव्हतं. ऋतुराजने स्टिअरिंगवर थाप मारली. "हीच! हीच घ्यायची!"

माथ्यावर थांबून त्याने फ्लोटचं दार उघडलं.

श्रुती पुढच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. मान खाली. या पायावरून त्या पायावर.

"श्रुती?"

ती वळली आणि कुठेही हात न टेकता खाली उतरली. "कंबर अजिबात दुखत नाहीये रे. कसलं हलकं वाटतंय!"

ती पुढे येऊन त्याच्या शेजारी बसली. उद्या बटाट्याची भाजीही ठेवू, म्हणाली. गाडी उताराला लागली. अर्ध्यात ऋतुराजच्या लक्षात आलं, तिने बेल्ट लावलेला नाही. आणि माणूस नुसतं टेकलं तरी बेल्टसाठी केकाटणारी गाडी गप्प आहे.

"बेल्ट लाव ना."

"कशाला?" ती हसली.

त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. समोर एक बारका दिवा लागला होता. शेजारची सीट रिकामी असल्याचा.