धुळ्याकडून, दुपारी तीन

१९४३ च्या मार्चमध्ये लॉऱ्यांच्या मोजणीसाठी मी सोनगीरला तानुबाईंच्या घरातली, आग्रा रोडला लागून असलेली खोली घेतली. रेशमी धाग्यावर टांगलेली चुंबकसुई, तिला चिकटवलेला छोटा आरसा, कंदिलाचा कवडसा आणि समोर मोजपट्टी, एवढंच माझं यंत्र. रस्त्यानं लॉरी गेली, की तिच्या लोखंडानं सुई हलायची आणि कवडसा सरकायचा. धुळ्याकडून येणारी आधी डावीकडे, मग उजवीकडे. शिरपूरकडून येणारी उलट. भरलेल्या लॉरीला पट्टीवरचे चार भाग. खिडकी बंद ठेवूनही मला सांगता येई.

अडचण पलीकडच्या खोलीची होती. तानुबाईंच्या सुनेचं, भागाबाईचं, बाळ वीस दिवसांचं. त्याच्या झोळीखाली, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून, इळा म्हणजे लोखंडी विळा बांधलेला. झोळी हलली, की कवडसाही झुलायचा.

"दुपारपुरता काढता का?" मी विचारलं.

"सव्वा महिना पोरजोडे लोखंड ऱ्हावाले जोयजे, बाई," तानुबाई म्हणाल्या.

भागाबाई सासूकडे पाहून हसली. "आक्का, लॉरी मोजनारा काटा आपला इळाले घाबरस! ठेवा घडीभर बाहेर."

इळा अंगणात गेला. कवडसा शून्यावर स्थिर झाला. मला बरं वाटलं.

तीन वाजता तो डावीकडे सरकला. आवाज आला नाही, म्हणून मी खिडकी उघडली. रस्ता रिकामा. ऊन, आणि खाली बसलेली धूळ.

लॉरी अकरा सेकंदांत निघून जाते. याला चार मिनिटं झाली. चार भाग. मग सहा. म्हणजे रस्त्यापेक्षा जवळ.

नऊ.

पट्टी संपली.

"बाई, दार तुम्ही लोटं का?" भागाबाईनं पलीकडून विचारलं.

मी जागची उठले नव्हते.

धावत गेले. बाळ शांत झोपलं होतं. श्वास नीट. तानुबाई दारात उभ्या होत्या.

मी परत यंत्राशी आले. भागाबाई बाळाला खांद्यावर घेऊन मागोमाग आली. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर कवडसा हलत होता. सकाळी ती याच बाळाला घेऊन इथेच बसली होती. तेव्हा सुई हललीसुद्धा नव्हती.

"एकदम जड का लागस हाई?" तिनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुमना काटा काय म्हनस? बरं शे ना मन्हं पोर?"

"बरं आहे," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: धुळ्याकडून, भरलेली. पुढे गेली नाही.