सहाशे ग्रॅम कमी

बत्तीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात वजनं तपासली. गोळी जराशी जड भरली तरी मी अख्खी खेप थांबवायची, आणि त्यापायी बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपायची. नोकरी संपल्यावर गच्चीत बाग केली, तीसुद्धा काट्यावर तोलून. यात हसण्यासारखं काही नाही. या जाड पानांच्या सक्युलंट झाडांना पाणी कधी घालायचं हे माती बघून कळत नाही. वरची माती ठणठणीत कोरडी असते आणि खाली मुळं कुजत असतात. कुंडी हलकी झाली की पाणी घालायचं. बाकीचे लोक कुंडी हाताने उचलून अंदाज घेतात. मी स्वयंपाकघरातला काटा गच्चीत नेला आणि वही केली. एकतीस कुंड्या, दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी.

"आज कुणाचं पोट सुटलंय?" आमचे हे खुर्चीतून विचारायचे.

यांची गच्चीत एकच कुंडी, एकतिसावी. हे नोकरीभर नकाशे काढायचे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीच्या खिडकीत गळून पडलेलं एक पान यांनी रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि मातीवर नुसतं ठेवलं. या झाडांचं असंच असतं. पानाच्या टोकाला पिल्लू फुटतं, आणि पिल्लू मोठं होईल तसं पान सुकत जातं. दोन वर्षांत वीतभर उंचीचं, राखाडी झाड उभं राहिलं. हे दुपारभर त्याच्या शेजारी बसून गप्पा मारायचे. घरी येईल त्या प्रत्येकाला सांगायचा किस्सा त्यालाही सांगून झाला होता. एकदा नकाशावर यांच्या चहाचा थेंब सांडला, साहेबांनी ते तळं समजून रस्ता वळवला, आणि आजही सगळ्या गाड्या तिथे वळसा घालून जातात. मग माझ्याकडे बोट दाखवून शेवटचं वाक्य, "तेव्हापासून ही मला कागदाजवळ चहा देत नाही." पस्तीस वर्षं ऐकत होते. कान किटले होते.

फेब्रुवारीत त्या कुंडीचं वजन तीन किलो दोनशे ग्रॅम होतं.

मार्चमध्ये ऊन चढलं. दहा वाजताच फरशीवर पाय ठरेना. मी हिरवी जाळी बांधली आणि पाणी तोडलं. कडक उन्हाळ्यात ही झाडं झोपतात, झोपेत पाणी पाजलं की मरतात. पानं सुरकुततात, कुंड्या आठवड्याला शेदीडशे ग्रॅमने उतरतात. त्या वर्षीही तीस कुंड्या उतरल्या. एकतिसावी चार किलो शंभर भरली.

मी काट्याची बॅटरी बदलली. साखरेची किलोची पिशवी तोलून पाहिली, बरोबर एक किलो. पुन्हा कुंडी ठेवली. चार किलो शंभर.

"तुम्ही हिला पाणी घालता," मी म्हणाले.

"नाही गं."

"मी आंघोळीला गेले की घालता."

"अगं, नाही म्हटलं ना."

यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की डावा कान खाजवतात. तेव्हा कान खाजवला नाही, पण मी म्हटलं, माणूस म्हातारपणीसुद्धा शिकतो. मातीत बोट खुपसलं तर नखात कोरडी भुकटी आली. तरीही मी झारी कपाटात टाकली आणि गच्चीच्या नळाची चावी काढून पदराला बांधली.

एप्रिलच्या मध्यावर कुंडी पाच किलो चाळीस ग्रॅम झाली. झाड होतं तेवढंच होतं, ना एक पान जास्त, ना कमी.

आता मात्र मी इरेला पेटले. कुंडीच्या गळ्याभोवती प्लास्टिक बांधलं. उंबऱ्याच्या आत-बाहेर पिठाचा पातळ थर पसरला. हे जेवून खोलीत झोपले तेव्हा गच्चीला कुलूप लावलं आणि दारासमोर स्टुलावर बसून राहिले. लेकीचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, बाबांना कैद्यासारखं का वागवतेस?" मी तिला म्हटलं, तू तुझं घर सांभाळ.

दोन तासांनी कुलूप काढलं. पिठावर कुणाचा पाय नव्हता. प्लास्टिक जसंच्या तसं होतं. कुंडी साठ ग्रॅमने वाढली होती.

हे उठून बाहेर आले. पायजमा कमरेवरून घसरत होता, तो एका हाताने धरला होता. "अगं, माझ्या बहिणीच्या घराचा नंबर काय?" त्यांनी विचारलं. दर आठवड्याला जात होते हे त्या घरी.

त्याच आठवड्यात यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त, साखर, छातीचा फोटो, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात भूक कमी होते, आणि वयानुसार थोडं विसरायला होणारच. जेवण व्यवस्थित होतं, दोन पोळ्यांच्या तीन झाल्या होत्या. फेब्रुवारीतल्या तपासणीत हे अडुसष्ट किलो होते. आता सहासष्ट किलो शंभर.

घरी येऊन मी वही उघडली. मग यांचा आकडा कुंडीच्या आकड्याशेजारी लिहिला आणि बेरीज केली. फेब्रुवारीत एकाहत्तर किलो दोनशे. एप्रिलमध्ये एकाहत्तर किलो दोनशे.

योगायोग असतात. कारखान्यात मी कितीतरी पाहिले आहेत. मी माणसांचा वजनकाटा विकत आणला आणि मेमध्ये पुन्हा दोघांना तोललं. हे त्रेसष्ट किलो आठशे, कुंडी सात किलो चारशे. बेरीज तीच, एकाहत्तर किलो दोनशे.

माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत चालला होता आणि मी पीठ पसरत बसले होते. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी घाई करते. ओळखीच्या नर्सरीवाल्याला फोन केला, म्हटलं, एक झाड घेऊन जा, फुकट.

तो सकाळीच आला. कुंडी उचलताना कण्हला. "दगड भरलेत काय हो, मावशी?"

हे दारात उभे होते. हल्ली फारसं बोलत नसत, किस्साही बंद झाला होता. "नको देऊस," ते हळूच म्हणाले. "पुढे लागेल."

"कुणाला लागेल?"

"तुला."

मी नर्सरीवाल्याला म्हटलं, न्या.

पुढचे तीन आठवडे मी यांना रोज काट्यावर उभं केलं. त्रेसष्ट किलो आठशे. वाढ नाही, पण घटही नाही. मी जिंकले असं मला वाटलं. मग पाऊस आला. कुंड्या छपराखाली ओढल्या. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला चहा पिता पिता यांनी कप खाली ठेवला आणि ते गप्प झाले. म्हणजे पूर्ण गप्प. विचारलं तर नुसते बघायचे. पावसाळी हवा आहे, घसा बसला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शनिवारी वाळू आणायच्या निमित्ताने नर्सरीत गेले.

"तुमचं झाड ना? छाटलं," तो खुशीत म्हणाला. "खोड ओलं पडत होतं. ठेवलं असतं तर सगळंच गेलं असतं. शेंडा उडवला, खालचे सहा तुकडे केले. आता सातपट झाडं होतील बघा."

"कधी छाटलं?"

"गुरुवारी. दहा वाजले असतील."

सहा तुकडे वर्तमानपत्रावर मांडले होते. कापलेली बाजू सुकल्याशिवाय ते मातीत लावत नाहीत. जुनी कुंडी बुंध्यासकट बाजूला होती.

"आणि शेंडा?"

"तो काल गेला. एक बाई आल्या होत्या, त्यांनी पिशवीत टाकून नेला. तोच सगळ्यात देखणा होता."

"कोण बाई? कुठे राहतात?"

"आता काय सांगू, मावशी? पहिल्यांदाच आल्या होत्या. पुन्हा आल्या तर विचारतो."

मी रिक्षात सहा तुकडे मांडीवर घेतले, कुंडी पायांत धरली. घरी येऊन सगळं एकदम काट्यावर ठेवलं. सहा किलो आठशे. हे त्रेसष्ट किलो आठशे. बेरीज सत्तर किलो सहाशे.

तुकडे यांच्या खुर्चीशेजारी कागदावर मांडले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. पाऊस थांबला होता. हे आले, बसले, तुकड्यांकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने यांनी बहिणीच्या घराचा नंबर सांगितला. मी विचारलं नव्हतं.

मग लेकीचा वाढदिवस. मग कचेरीतल्या जिन्याच्या पायऱ्या किती, ते. आवाज पहिल्यासारखा खणखणीत. मला रडू फुटलं. मी पदर तोंडाशी धरून तिथेच फरशीवर बसले.

"एकदा काय झालं," हे म्हणाले, "नकाशावर माझ्या चहाचा थेंब सांडला."

मी मान डोलावली.

"साहेबांना वाटलं तळं आहे. रस्ता वळवला. आजही सगळ्या गाड्या वळसा घालून जातात."

यांनी सवयीने बोट उचललं, माझ्याकडे रोखलं, आणि थांबले. बोट तसंच हवेत राहिलं. मी ते वाक्य ऐकायला थांबले होते.

यांनी बोट खाली घेतलं आणि ओशाळून पायजमा सावरला.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "झाडांना पाणी घालायला तुम्हीच येता का?"