एका नावाचे दोघे

मोराग, तू मघापासून त्या फोनवर स्वतःचंच नाव शोधून हसतेयस. तुझ्या नावाची एक दातांची डॉक्टर, एक तुरुंगात, एक टेक्सासात घोडे विकते. हस बाई. पण आपल्या या खोऱ्यात नाव कधी एकट्याचं नव्हतंच. पाच-सहा आडनावं, दहा-बारा नावं, त्यातच सगळा गाव भागवायचा. म्हणून तर जो तो टोपणनावाने ओळखला जातो. चर्चमध्ये आणि सरकारात तेवढं खरं नाव.

कॅलम, त्या शेगडीत एक लाकूड सरकव. वीज काही आता सकाळपर्यंत येत नाही.

तुमच्या आईला आठवतील दोघे. लॉकलिन गिलिस आणि लॉकलिन गिलिस. दोघेही माझ्या वर्गातले. एकाचा बाप टपाल वाटायचा म्हणून तो टपाल्या लॉकी. दुसऱ्याचे केस गाजरासारखे, तो तांबडा लॉकी. मास्तरीणबाईंनी हजेरीला नाव पुकारलं की 'हजर' दोनदा ऐकू यायचं, आणि त्यातला एक बऱ्याचदा वर्गात नसायचाच. तांबडा नसायचा. त्याचं 'हजर' टपाल्याच म्हणायचा.

टपाल्या मोठा झाल्यावर पश्चिमेला गेला, आल्बर्टात, तेलाच्या कामांवर. आपल्याकडचं कोण जात नाही? त्याचं काम परांच्यांचं. म्हणजे उंचावर कामगार चढायच्या आधी परांची तपासायची, प्रत्येक सांधा हाताने हलवून बघायचा, आणि मगच खाली हिरवी चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर सही. वीस वर्षांत त्याच्या परांचीवरून एक माणूस पडला नाही. मग बायको आजारी पडली, गुडघे गेले, आणि तो घरी परत आला. वर्षभरात बायको गेली. लेक नवऱ्याला सोडून तान्ह्या बाळासह त्याच्याकडे आली होती. घर चालवायला त्याने इथल्या इस्पितळात बॉयलरवर नोकरी मागितली. नोकरी जवळजवळ मिळालीच होती. मग त्यांनी नावाची चौकशी केली.

इस्पितळाच्या बाईंनी त्याला बोलावून दार लावून घेतलं आणि सांगितलं, आल्बर्टात तुमच्या नावावर एक मृत्यू आहे. न तपासता हिरवी चिठ्ठी लावलीत, परांची कोसळली, पोरगा गेला, तुम्ही चौकशीआधीच निघून गेलात. टपाल्या म्हणाला, मी तेव्हा घरी होतो, गावाला विचारा. बाई म्हणाल्या, नाव तुमचं, जन्मतारीख तुमची, परवाना तुमचा, आधीच्या वीस वर्षांची सगळी कामं तुमची. आम्ही काय समजायचं?

वकील झाला, पत्रं झाली. निघालं काहीच नाही. मेलेल्या पोराचं नावसुद्धा त्याच्या कानावर आलं नाही. आणि गावाचं तुम्हाला माहीत आहे. तोंडावर कोणी बोललं नाही. पण बाजारात बायका त्याच्याशी बोलताना नुसत्या पावसापाण्याचंच बोलायला लागल्या.

एकच माणूस रोज त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा. तांबडा. चहा प्यायचा, टेबलावर हात आपटायचा, म्हणायचा, हे कॉम्प्युटरवाले चोर रे, माणसाचं अख्खं आयुष्य उचलून नेतात. टपाल्याला त्याचाच काय तो आधार होता. मला एकदा म्हणालासुद्धा, नाव एक असल्याचं सुखदुःख त्यालाच कळतं.

सहा वर्षं झाली या गोष्टीला. नोव्हेंबरातला तो रविवार, आदल्या रात्री हिवाळ्यासाठी सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केलेली. त्या दिवशी संध्याकाळ कशी अंगावर कोसळते, ठाऊक आहे ना? चहा होतो न होतो तोच काळोख. तांबडा ओसरीच्या पायरीवरून घसरला होता, पाठ धरली होती. टपाल्याच्या लेकीने हरणाच्या मटणाचा रस्सा केला आणि बापाला म्हणाली, त्यांना नेऊन द्या गरम आहे तोवर. पातेलं टॉवेलात गुंडाळून बाजूच्या सीटखाली ठेवलं, आणि टपाल्या निघाला. दोन घरांमध्ये तळ्याकाठचा रस्ता, मध्ये पूल. बस.

पुलावर एक पोरगा उभा होता.

अंगात कामावरचा कोट, चमकत्या पट्ट्यांचा. डोक्यावर कामगाराचं हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला. टपाल्याला वाटलं, रस्त्याच्या कामावरचा असेल, गाडी बंद पडली असेल. त्याने आपली गाडी थांबवली. पोरगा आत येऊन बसला. दार लावल्याचा आवाज मात्र झाला नाही... हे टपाल्याच्या नंतर लक्षात आलं.

कुठे जायचंय, असं विचारलं.

"लॉकलिन गिलिसकडे."

टपाल्या हसला. म्हणाला, "मग पोचलास की. मीच तो."

पोरगा त्याच्याकडे वळला. बराच वेळ बघत राहिला. टपाल्या सांगत होता की त्या नजरेत राग नव्हता. फलाटावर चुकीच्या माणसाला हाक मारल्यावर आपण बघतो ना, तसं.

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

मग त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली. बारीक आवाजात, थांबत थांबत. त्याचं नाव डार्सी. सस्कॅचवानचा, शेतावरचा. पहिलंच काम. उंचावर जायची भीती वाटायची. त्यांचा तपासनीस मोठा बोलका माणूस. जेवायला बसलं की गोष्टी सांगायचा. त्याचा बाप म्हणे टपाल वाटायचा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून घोड्याची गाडी न्यायचा. एकदा बर्फ फुटला, घोडा पाण्यात, गाडी पाण्यात. बापाने आधी टपालाची थैली वर फेकली, मग घोडा काढला, मग स्वतः निघाला. आणि त्याच रात्री घरोघर जाऊन ओली पत्रं लोकांच्या चुलीवर वाळवून दिली.

टपाल्याने गाडीचा वेग कमी केला.

कारण तो त्याचा बाप होता. तो घोडा त्यांचा. ती थैली त्याच्या घरात अजून खुंटीला टांगलेली आहे. आणि ती गोष्ट त्या तपशिलाने सांगू शकेल असा दुसरा माणूस जगात एकच होता. त्या अपघाताच्या वर्षी तांबडा म्हणाला होता, मी बॉस्टनला बहिणीकडे चाललोय. वर्षभर तिकडेच होता. निदान टपाल्याला तरी तसंच वाटत होतं.

पोरगा म्हणाला, "मी खालूनच विचारलं होतं... वर जाऊन बघितलंत का? ते म्हणाले, माझ्या बापाने एक पत्र कधी हरवलं नाही. मी तुला हरवीन का?"

मग म्हणाला,

"अशा बापाचा मुलगा... म्हणून चढलो."

गाडी फाट्याशी आली होती. डावीकडे टपाल्याचं घर. खिडकीत दिवा, लेक बाळाला घेऊन येरझाऱ्या घालताना दिसत होती. उजवीकडे वर, झाडांत, तांबड्याचं घर. टपाल्याने गाडी थांबवली. मला म्हणाला, अरे, मी तिथे किती वेळ बसलो मला माहीत नाही. एवढं कळल्यावरसुद्धा हाताने चाक उजवीकडे वळवेना. लहानपणापासूनचा मित्र. मी बोट दाखवलं तर याचं पुढे काय होणार?

पोरगा डावीकडे बघत होता. त्या उजेडाच्या खिडकीकडे.

"नाव तेच आहे," तो म्हणाला. "मी इथेही उतरेन."

टपाल्याने गाडी उजवीकडे घेतली.

अंगणात थांबून तो म्हणाला, तू बस, मी आधी जातो.  टपाल्या पातेलं घेऊन मागच्या दाराने आत गेला. तांबडा शेगडीशी खुर्चीत होता, पाठीला उशी. खूश झाला. लेकीला दुवा दिला, ताटलीत वाढून घेतलं, थट्टा केली, म्हणाला, ये रे म्हाताऱ्या, तोंड का असं मेल्यासारखं?

टपाल्या उभाच राहिला. म्हणाला, "डार्सी कोण?"

तांबड्याचा चमचा रश्श्यात होता. तिथेच राहिला.

"कुणी सांगितलं तुला?" तांबडा म्हणाला.

झालं. दुसरं काही विचारायची गरजच नव्हती.

टपाल्या ओरडला नाही. त्याने विचारलं, माझ्या परवान्याचे कागद कधी घेतलेस? तर बायकोच्या आजारपणात, टपाल्या तिच्या उशाशी बसलेला असताना, तांबडा घर सांभाळायला येत होता, तेव्हा. त्याने विचारलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून रोज चहा पीत होतास? त्यावर तांबडा जे बोलला ते टपाल्याने मला जसंच्या तसं सांगितलं.

"मी खोटं नाव कुठे सांगितलं, लॉकी? नाव माझंही होतं. तुझ्या नावाला किंमत होती. माझ्या नावाला नव्हती. एवढाच फरक."

"आणि बाप? तोही तुझाच का?"

तांबड्याने मान खाली घातली. म्हणाला, तुझा बाप मला फार आवडायचा.

तेवढ्यात... दार उघडलं नाही. गार वारा मात्र आत आला. पोरगा शेगडीपलीकडे उभा होता. उजेडात आता त्याचं हेल्मेट नीट दिसत होतं. एका बाजूने... असो. ते नको.



 पोरग्याने एकदा टपाल्याकडे बघितलं, एकदा तांबड्याकडे. अगदी अदबीने विचारलं,

"लॉकलिन गिलिस कोण?"

आणि तांबड्याने हात उचलला. पाठ धरलेला माणूस, पण हात झटकन वर गेला. बोट टपाल्याकडे.

"हा," तो म्हणाला. "हा लॉकलिन गिलिस. मी नाही."

फाट्यावर टपाल्याला जे जमेना, ते तांबड्याला एका श्वासात जमलं. टपाल्या म्हणत होता, मला तेव्हा त्या मेलेल्या पोराची भीती वाटली नाही रे. मी फक्त ते बोट बघत होतो.

पोरग्याने बोटाकडे पाहिलंच नाही. तो तांबड्याकडेच बघत होता.

"बरं," तो म्हणाला. "मग तुमचं नाव काय?"

तांबड्याने तोंड उघडलं.

...

काहीच आलं नाही.

पुन्हा उघडलं. ओठ हलले. डोळे असे भिरभिरले, जसा माणूस अंधारात दिव्याचं बटण चाचपतो. टपाल्याकडे बघितलं त्याने. सांग ना, म्हणून. जसं हजेरीला... पण टपाल्या गप्प राहिला.

मग टपाल्या वळला आणि बाहेर पडला. कोणी अडवलं नाही. अंगणात गाडीपर्यंत जाताना मागून पोराचा आवाज येत होता. तसाच हळू. न चिडता.

"तुमचं नाव काय?"

"तुमचं नाव काय?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीने तांबड्याला खुर्चीतच बसलेला पाहिला. जिवंत होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलंय. बोलायचा सगळं, हवेचं, माशांचं. पण लॉकी म्हणून हाक मारली की वळायचा नाही. मीच मारून पाहिली आहे. कोणा तिसऱ्यालाच हाक मारतोय असं समजून तो माझ्या मागे बघायचा.

हिवाळ्यात गेला. मर्तिकाला सगळा गाव. टपाल्या आला, पण शेवटच्या बाकावर बसला आणि खांदा द्यायला उठला नाही. लोकांना ते फार लागलं. एवढा मित्र, आणि खांदा देत नाही? मी त्याला चर्चच्या मागे गाडीत गाठून विचारलं. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. मग मी इस्पितळातल्या बाईंना त्या मेलेल्या पोराचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, डार्सी. सस्कॅचवानचा. पण तांबड्याने कबुली दिली होती ती फक्त टपाल्याजवळ, आणि आता तो मेलेला. तो डाग आजही टपाल्याच्या नावावर आहे. नोकरी मिळाली नाही ती नाहीच. गेल्या वर्षी लेकीला घेऊन तो हॅलिफॅक्सला गेला. जाताना घराचं दार लावायलासुद्धा वळला नाही तो.

नाही, मोराग, एवढंच नाही. थांब.

आपल्याकडे नवरा-बायकोतलं एक गेलं की दगडावर दोघांची नावं एकदमच कोरून घेतात. मागे राहिलेल्याचं जन्मसाल घालतात आणि पुढची जागा मोकळी ठेवतात. तांबड्याची बायको त्याच्याआधी पंधरा वर्षं गेली होती. तेव्हापासून त्याचं नाव त्या दगडावर तिच्या नावाखाली होतं. मी शंभरदा वाचलंय. तुमच्या आजीची कबर त्याच्या शेजारचीच.

मे महिन्यात गोठलेली जमीन सुटली आणि आपल्या जवळच्या सिडनी शहरातून पाथरवट आला, मृत्यूचं साल घालायला. मी तिथेच कुंपणाचे खांब ठोकत होतो. त्याने मला हाक मारली. म्हणाला, काका, इकडे या जरा. हे साल मी कोणाच्या नावापुढे घालू?

मी गेलो. बायकोचं नाव होतं. तिची दोन्ही सालं होती. खाली दगड सपाट. घासल्याची खूण नाही, छिन्नीचा ओरखडा नाही. तो पाथरवट म्हणाला, कोरलेलं घालवायचं तर अख्खा दगड बोटभर उतरवावा लागतो, आणि हा उतरवलेला नाही.

मी वाकून हात फिरवला. बायकोच्या नावाची अक्षरं बोटांना लागली. त्याखाली नुसतं शेवाळ. सगळीकडे सारखं पसरलेलं, जुनं, पंधरा वर्षांचं.